म्हातारीचा उजवा हात

माणसाला हात दोनच दिले, ही परमेश्वराची मोठी मेहेरबानी आहे. स्वतःच्या मंडळींच्या बाबतीत त्याला हा हिशेब सांभाळता आलेला नाही. दत्ताला सहा हात, देवीला आठ आणि रावणाला तर चक्क वीस. कॅलेंडरवर ही सगळी मंडळी शोभून दिसतात, कारण कॅलेंडरवर कुणाला हलावं लागत नाही. वीस हातांचा रावण काढणं सोपं. त्याला पंगतीला बसवून जेवू घालणं अवघड. रावणाचं सोडा, दोन हातांच्या साध्या माणसाला कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालवत न्यायचं म्हटलं तरी चित्रकाराच्या तोंडाला फेस येतो. खोटं वाटत असेल तर पुठ्ठ्याचा एक माणूस कापा, त्याचे हातपाय टाचण्यांनी जोडा आणि चालवून बघा. तो चालत नाही. तो पोहतो.

हे मी अधिकारवाणीनं सांगतो आहे. लातूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. चित्रकलेच्या मास्तरांचा तास हा गणिताच्या मास्तरांनी जादा तासासाठी मागून घ्यायचा असतो, एवढाच त्याचा अभ्यासक्रमात उपयोग. पण श्रावण संपत आला की हाच मास्तर गल्लीत एकदम मोलाचा होतो. गणपती मंडळाचे कार्यकर्ते दारात येऊन उभे राहतात आणि म्हणतात, ''सर, यंदा हलता देखावा पायजे.''

हलता देखावा म्हणजे काय, हे ज्यानं तो केला आहे त्यालाच ठाऊक. एका वर्षी आमच्या मंडळानं भीम-दुःशासन ठरवलं. भीमाच्या हातात गदा, ती खाली यायची, पुन्हा वर जायची. मी भीम केला, गदा केली, मिशा केल्या. हात हलवण्याचं काम वायरमनकडं होतं. त्यानं भंगारातून ट्रकच्या वायपरची मोटार पैदा केली आणि तिच्या दांड्यावर भीमाचा हात सरळ ठोकून दिला. बटण दाबताच भीमाचा हात गदेसकट गरगर फिरू लागला. एक फेरा, दोन फेरे, थांबायचं नाव नाही. दुःशासनाला प्रत्येक फेऱ्यात एक बसत होती हे खरं; पण पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी, ''भीमाचा पंखा केला का काय रे?'' असं विचारल्यावर रौद्ररस संपला.

शेवटी शेजारच्या गॅरेजमधला मिस्त्री आला. त्यानं मोटारीच्या दांड्यावर एक लहान चकती बसवली, चकतीच्या कडेला एक लोखंडी पट्टी अडकवली आणि पट्टीचं दुसरं टोक भीमाच्या दंडाला जोडलं. आता चकती गरगर फिरत होती, पट्टी मागंपुढं होत होती आणि भीमाचा हात शहाण्यासारखा वर-खाली होत होता. ट्रकच्या काचेवरचा वायपरही असाच चालतो. मोटार आपली एकाच दिशेला फिरत असते. तिच्या फिरण्याचं शहाणपणात रूपांतर करायला मध्ये एक पट्टी लागते. संसारातही अशी एक पट्टी असते. तिचं नाव मी इथं घेत नाही, कारण माझं लिखाण छापायला जाण्यापूर्वी तीच वाचते.

हे सगळं आठवायला कारणीभूत झाली माझी नांदेडची भाची. ती नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. 'मोकळी' हा शब्द मी सैल अर्थानं वापरतो आहे. आमच्या मराठवाड्यात दहावीची परीक्षा संपल्यावर मूल मोकळं होत नाही, ते लातूरला जातं. पूर्वी पॅटर्न म्हणजे शिंप्याकडचे शर्टाचे नमुने असत. 'लातूर पॅटर्न' निघाल्यापासून तो मुलांना मापानं कापण्याचाही प्रकार झाला आहे. आता नांदेडला क्लास कमी आहेत असं नाही. नांदेडमध्येही डॉक्टर होऊ पाहणारी मुलं पाठीला दप्तरं लावून पहाटे पाचपासून रस्त्यावर दिसतात. पण आमच्या दाजींचा हिशेब निराळा. ते नोकरीला हिशेब खात्यातच आहेत. ''क्लास लातूरचा, जेवण मामाकडचं. होस्टेलचा खर्च वाचला,'' हे त्यांनी पोरगी आठवीत असतानाच मांडून ठेवलं होतं. पोरीला विचारण्याचा रकाना त्या कागदावर नव्हता.

मे महिन्यातल्या एका दुपारी भाचीचा फोन आला. ''मामा, लवकर ये. म्हातारीचा उजवा हात खांद्यातून निखळलाय!''

माझ्या पोटात गोळाच आला. कारण आमची आई, म्हणजे तिची आजी, तेव्हा लेकीकडं नांदेडलाच होती आणि तिचं वय ब्याऐंशी. मी काही बोलायच्या आत भाची म्हणाली, ''आजी नव्हं रे. आजी पापड लाटायलीय. माझ्या गोष्टीतली म्हातारी!''

तरीही मी गेलो. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचायला एसटीला तीनएक तास लागतात आणि मे महिन्यात ते तीन तास माणूस बसत नाही, भाजतो. पण भाचीनं हाक मारली, आणि तीही चित्रकलेच्या कामासाठी! पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतक्या तातडीनं कुणी बोलावलं नव्हतं.

गोष्ट आपली नेहमीचीच, म्हातारी आणि भोपळ्याची. पण भाचीनं ती लॅपटॉपवर अशी मांडली होती की वाचणाऱ्यानं अधूनमधून पुढचं ठरवायचं. म्हातारी लेकीकडं निघते, वाटेत वाघ भेटतो. पडद्यावर दोन बटणं येतात : 'वाघाशी बोल' आणि 'पळून जा'. जे दाबाल तशी गोष्ट पुढं सरकते. आमच्या लहानपणी गोष्टीत असं विचारत नसत. आजी सांगेल तसा वाघ वागायचा. मध्ये तोंड घातलं की धपाटा मिळायचा, हेच काय ते आमचं बटण.

हे ज्याच्यावर केलं होतं त्याचं नाव 'स्क्रॅच'. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबनं मुलांसाठी केलेली ही प्रोग्रॅमिंगची भाषा २००७ सालापासून सगळ्यांना फुकट मिळते. एमआयटी म्हटल्यावर दाजींना आधी पुण्याची वाटली आणि त्यांनी फी विचारली. या भाषेत लिहायचं असं फारसं नसतं. रंगीत ठोकळे असतात, ते एकाखाली एक अडकवायचे. 'दहा पावलं चल', 'पंधरा अंश वळ', 'एक सेकंद थांब'. हिरव्या झेंड्यावर टिचकी मारली की ठोकळ्यांत लिहिलं असेल तसं पडद्यावरचं पात्र वागू लागतं. सुरुवातीला तिथं एक नारिंगी मांजर असतं. भाचीनं ते काढून टाकून म्हातारी आणून बसवली होती. धड वेगळं, दोन्ही हात वेगळे, पाय वेगळे. शिंप्याच्या टेबलावर बेतलेले तुकडे पडावेत तशी म्हातारी पडद्यावर पडली होती.

''आता बघ,'' असं म्हणून तिनं झेंडा दाबला. म्हातारी निघाली आणि तिचा उजवा हात खांदा सोडून, हवेत स्वतःभोवती पवनचक्कीसारखा फिरू लागला. मला भीमाची आठवण झाली.

''आणि हे बघ,'' म्हणून तिनं भोपळा सोडला. भोपळा मात्र सुरेख गडगडत गेला. तोच ठोकळा, तेच पंधरा अंश. भोपळ्याला जमतं ते हाताला का जमत नाही, असा तिचा प्रश्न होता.

वाचकहो, या प्रश्नाचं उत्तर हातात आल्यावर मला अर्धं आयुष्य समजल्यासारखं वाटलं. संगणक कुठलीही वस्तू फिरवतो ती तिच्या मधोमध. भोपळा गोल, त्याचं मध्य त्याच्या पोटात. तो स्वतःभोवती फिरला तरी भोपळाच राहतो. हाताचं तसं नाही. हात स्वतःभोवती फिरला की तो हात राहत नाही, लाकडाची फळी होतो. हातानं फिरायचं ते खांद्याभोवती. म्हणजे जिथं तो बांधलेला आहे त्या ठिकाणाभोवती. भिंतीवरच्या कॅलेंडरचं भोक वरच्या पट्टीत का असतं? ते मधोमध पाडलं तर वाऱ्यानं जानेवारी खाली आणि डिसेंबर वर.

स्क्रॅचमध्ये चित्र काढायच्या कागदावर मधोमध एक बारीकशी खूण असते. तीच खुंटी. भाचीला मी म्हटलं, ''हाताचं चित्र उचल आणि त्याचा खांद्याकडचा शेवट त्या खुणेवर आणून ठेव.'' तिनं ठेवला. झेंडा दाबला. हात खांद्यातून हलू लागला! पोरगी टाळ्या पिटत उठली. आईनं पापडाचं पोळपाट ठेवून विचारलं, ''बसला का गं हात? तेल लावा म्हणावं.''

तिला समजावून सांगायला मी लातूरची गंजगोलाई वापरली. गोलाईच्या मधोमध जगदंबेचं देऊळ आणि तिथून चहूकडं सोळा रस्ते फुटतात. लातूरचा माणूस कुठंही निघाला, कितीही फिरला तरी गोलाईला येऊन मिळतो. ''तुझ्या म्हातारीचा खांदा म्हणजे तिची गोलाई,'' मी म्हटलं. भाची म्हणाली, ''आणि माझी?'' मी म्हटलं, ''तुझी काय?'' ती म्हणाली, ''काही नाही.'' आणि पुन्हा पडद्यात डोकं घातलं.

दाजी संध्याकाळी ऑफिसातून आले. दोन मिनिटं मागं उभं राहून त्यांनी पाहिलं आणि हिशेब खात्याच्या आवाजात विचारलं, ''याला मार्क किती?''

''याला मार्क नसतात बाबा.''

''मग हे विचारायलं कशाला, हे दाबू का ते दाबू?''

''वाचणाऱ्यानं ठरवायचं ना, पुढं काय करायचं ते.''

''आणि त्यानं चुकीचं बटण दाबलं तर?''

''तर वाघ खातो. मग हिरवा झेंडा दाबायचा. गोष्ट पहिल्यापासून सुरू.''

दाजींनी चष्मा काढून पुसला. ''बाहेर तसला झेंडा नसतो बाई,'' ते म्हणाले आणि हातपाय धुवायला निघून गेले. खोलीत बराच वेळ फक्त कूलरचा आवाज येत राहिला. दाजी वाईट माणूस नाही, हे इथं सांगितलं पाहिजे. ज्याला स्वतःला एकदाही दुसरं बटण दिसलं नाही, त्या माणसाची ही काळजी होती. ती त्यानं हिशेबाच्या वहीत लिहिली होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी म्हातारी लेकीकडून परत निघाली आणि डोक्यावर चालू लागली. पदर जमिनीवर, पाय आकाशात. आमची आई म्हणाली, ''लेकीकडं तूप जास्त झालं असंल.'' पण कारण तुपाचं नव्हतं. स्क्रॅचमध्ये दिशा अंशांत सांगतात. शून्य म्हणजे वर, नव्वद म्हणजे उजवीकडं, आणि डावीकडं म्हणजे उणे नव्वद. जाताना उजवीकडं तोंड असलेल्या म्हातारीला परतताना डावीकडं वळवली की ती अख्खी अर्धा वेढा फिरते, म्हणजे उलटी होते. त्याला उपाय असतो : 'फक्त डावं-उजवं वळ' असं एकदा बजावून ठेवायचं. मग ती आरशातल्यासारखी पालटते. पण हे बजावायचं फक्त धडाला. हातांनाही तेच सांगितलं तर ते फिरायचेच थांबतात. म्हणजे एकाच म्हातारीच्या धडाला एक कायदा आणि हातांना दुसरा. आणि धड पालटलं की हातांची खुंटीही पलीकडं सरकवायची, नाही तर म्हातारी एकीकडं आणि खांदे दुसरीकडं.

वर म्हणजे शून्य, हे ऐकून दाजी दाराबाहेरूनच ओरडले, ''शून्य वर कसं असंल? शाळेत शून्य उजवीकडं असतं आणि मोजायचं घड्याळाच्या उलट!'' ते चुकून बोलून गेले होते. पण या घरात आपण आहोत हे त्यांनी पहिल्यांदाच त्या लॅपटॉपला कळवलं होतं.

मग चाल. म्हातारीचा उजवा पाय पुढं येई तेव्हा उजवाच हात पुढं येई. आमच्या शाळेत कवायतीच्या पहिल्या दिवशी निम्मी मुलं अशीच चालत. एरवी सहज चालणारा पोरगा 'एक-दोन' ऐकलं की हातपाय एकाच बाजूचे टाकतो. माणूस चालतो तेव्हा उजव्या पायाबरोबर डावा हात पुढं येतो. पाय शरीराला एकीकडं पिळतात आणि हात ती पीळ सोडवतात. हे आपण लहानपणीच शिकतो आणि कुणी विचारलं की विसरतो. शिवाय हात घड्याळाच्या काट्यासारखा टक्‌टक्‌ जात नाही. तो झोपाळ्यासारखा जातो : मधून वेगानं आणि टोकाला पोचला की क्षणभर रेंगाळून. भाचीनं त्यासाठी दहावीतलं साइन वापरलं. त्रिकोणमितीच्या धड्यातलं साइन! पडद्यावर म्हातारीचे हात झुलू लागले, तेव्हा दाजी दाराच्या बाहेरून आत आले होते.

आणि कोपर आलं तेव्हा ते खुर्ची ओढून बसले.

कोपर हे प्रकरण नाजूक आहे. खांदा फिरला की दंड फिरतो, दंडाबरोबर कोपर जातं, कोपराबरोबर मनगट. पण मनगट हललं म्हणून खांदा हलत नाही. मोठमोठ्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये याला आई-बाप आणि मूल असंच म्हणतात. दंड हा बाप, पुढचा हात मूल. बाप हलला की मूल आपोआप हलतं. मूल हललं तर बाप जागचा हलत नाही. हे ज्यानं ठरवलं त्याच्या घरात दहावीचं मूल नसावं. आमच्याकडं मूल बोटभर हललं की बाप, आई, मामा आणि आजी सगळे नांदेड-लातूर करतात.

पण स्क्रॅचमध्ये एकत्र कुटुंब नसतंच. तिथं प्रत्येक अवयव विभक्त. धड 'चाल' असा निरोप सगळ्यांना पाठवतं आणि ज्यानं त्यानं तो ऐकून आपापलं काम करायचं. लग्नघरात 'पानं घ्या' अशी आरोळी दिल्यासारखं. 'थांब' हा निरोप एखाद्या हाताला ऐकू आला नाही, तर म्हातारी उभी आणि हात चालूच. आणि कोपर नेमकं कुठं आहे हे पुढच्या हाताला कुणी सांगत नाही. ते मोजून काढावं लागतं. खांद्यापासून दंडाच्या लांबीइतकं दूर, ज्या अंशात दंड वळला असेल त्या बाजूला.

''हे तर सोपं आहे,'' दाजी म्हणाले आणि त्यांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर त्रिकोण काढला. ''आडवं अंतर म्हणजे लांबी गुणिले कोसाइन.''

''साइन, बाबा.''

''कोसाइन! मी बी.कॉम.ला गेलो म्हणून दहावी विसरलो नाही.''

''पण इथं शून्य वर आहे ना. म्हणून आडव्याला साइन आणि उभ्याला कोसाइन.''

दाजींनी बिल उलटंसुलटं केलं, आडवं धरलं, मान वाकडी करून पाहिलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ताईनं दोनदा जेवणाची ताटं झाकली होती. ''बरोबर आहे की गं,'' दाजी म्हणाले. मी त्यांना तेवीस वर्षं ओळखतो. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

कोपर बसलं. ते मागं वाकू नये म्हणून दाजींनी स्वतः एक अट घातली. दारासारखं कोपरही एकाच बाजूला उघडतं. मग मलाही सांगायचा चेव आला. लोटे रायनिगर नावाच्या जर्मन बाईनं १९२६ साली काळ्या कागदाच्या कापलेल्या बाहुल्यांचा मोठा चित्रपट पुरा केला. त्या बाहुल्यांना तारेचे सांधे होते आणि दर चित्राला हात एवढा-एवढासा सरकवून फोटो घ्यायचा, अशी ती वर्षानुवर्षं बसली. आपल्या नांदेडच्या शेजारी, आंध्र-तेलंगणाकडच्या तोलुबोम्मलाटातल्या चामडी बाहुल्यांना खांद्या-कोपराचे सांधे असतात. आपल्याकडं सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर मंडळींनी बाहुल्यांची कला जिवंत ठेवली. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ''पद्मश्री? बाहुल्यांना?'' दाजींनी विचारलं. ''बाहुल्या हलवणाऱ्याला,'' मी म्हटलं. दाजींनी लॅपटॉपकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं आणि मनातल्या मनात कुठल्या तरी रकान्यात काहीतरी लिहिलं.

सकाळी म्हातारी पाहायला सगळं घर जमलं. म्हातारी निघाली. काय तिचे हात, काय तिचं कोपर, काय तो झोकदार झोपाळा! दाजी तिच्याकडं नवऱ्या मुलीच्या बापासारखे बघत होते.

आमची आई म्हणाली, ''ही कोणची म्हातारी गं?''

''गोष्टीतली, आजी.''

''आसली म्हातारी आसती व्हय? ही तर झेंडावंदनाला निघाली.''

सगळे गप्प. आई उठली. गुडघ्यावर हात टेकून, 'देवा' म्हणत, ती जशी रोज उठते तशी. आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेली. डाव्या हातानं गुडघा धरलेला. उजव्या हातात पदराचं टोक आणि त्या टोकात बांधलेली पुडी. तिचा उजवा हात मुळी झुललाच नाही. पाऊल पडलं की तो थरथरल्यासारखा जरा पुढं यायचा, पुन्हा जागेवर. भाची डोळे बारीक करून मोजत होती. ''मामा,'' ती हळूच म्हणाली, ''दहा अंशसुद्धा नाही.''

पस्तीस वर्षं मी माणसांची चित्रं काढायला शिकवली आणि ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं एका फेरीत तो विषय संपवला. तरण्या माणसाचे हात रिकामे असतात म्हणून झुलतात. म्हातारीचे हात कधी रिकामे नसतात. त्यांत पिशवी असते, पदर असतो, नातवासाठी काहीतरी बांधलेलं असतं. ती लेकीकडं निघालेली असते, मग हात झुलतील कसे?

दाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. रात्री साडेअकरापर्यंत जागून बसवलेलं कोपर रद्द! ''मग ती सगळी त्रिकोणमिती?'' त्यांनी विचारलं.

''ती लागणार आहे बाबा,'' भाची म्हणाली. ''म्हातारी परत निघते ना, तेव्हा दारात तिची लेक उभी राहते. तिच्या हाताला घालते.''

दुपारपर्यंत तिनं ते केलं. दारात उभी लेक. भोपळा गडगडत लांब जातोय. लेकीचा हात खांद्यातून वर जातो, कोपरात वळतो आणि मनगटातून हलत राहतो. तीन सांधे, तिघांची तीन वेगळी कामं. भोपळा पडद्याबाहेर जातो तरी हात थांबत नाही. मला वाटलं 'थांब' हा निरोप द्यायला ती विसरली. पण तसं नव्हतं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती, ती आत गेली. दाजी म्हणाले, ''चांगलं जमलंय,'' आणि ऑफिसला सुट्टी असूनही बाहेर पडले.

शेवटी उरली बटणं. शेवटच्या पडद्यावर दोन होती : 'लेकीकडंच राहायचं' आणि 'भोपळ्यात बसून परत जायचं'. आईला बसवून आम्ही विचारलं, कोणतं दाबायचं? तिनं दोन्ही वाचून घेतली. आईचा तसा भोपळ्याचा अनुभव दांडगा. पंचाहत्तरी उलटलेल्यांना २०२२ साली एसटीचा प्रवास मोफत झाला तेव्हापासून ती लातूर-नांदेड करतेच आहे. वाटेत तिला वाघ अडवत नाही, फक्त कंडक्टर अडवतो आणि तोही आधार कार्ड पाहून सोडतो.

''लेकीकडं किती दिवस राहावं?'' ती म्हणाली. ''आन् परत गेलं तर जीव हितं राहतो. लेकीलाच भोपळ्यात संगं घेतली तर?''

''आजी, ते बटण नाही.''

''मग कर की. तूच करायलीस न्हवं का गोष्ट?''

भाचीनं तिसरं बटण केलं. त्यासाठी भोपळा थोडा मोठा करावा लागला. भोपळ्याला काही वाटलं नाही. त्याचं मध्य पोटात असतं.

जूनमध्ये मी दोघींना आणायला गेलो. भाचीला लातूरला यायचंच होतं, ते काही बदललं नाही. पहाटे पाचचे क्लास आहेत, दोन वर्षं आहेत, पुढची ती मोठी परीक्षा आहे. पण तिची बॅग भरताना दाजींनी वह्यांच्या खाली स्वतःच्या हातानं लॅपटॉप ठेवला. ताईनं भुवई उंचावली तेव्हा म्हणाले, ''त्रिकोणमितीला लागतो.'' आणि मला बाजूला घेऊन, ''रविवारी बसू द्या तिला तासभर. तासभरच. बघू पुढं काय म्हणती ती ते.'' त्या कागदावर शेवटी तो रकाना आला होता.

नांदेडच्या स्टँडवर एसटी लागली. आजी खिडकीशी, शेजारी नात, मागं मी. गाडी सुटली. खाली उभ्या असलेल्या ताईचा हात लगेच वर गेला आणि नीट तिन्ही सांध्यांतून हलू लागला. दाजींनी जन्मात कुणाला हात हलवून निरोप दिलेला नाही. पण त्यांचाही हात वर आला. सरळ, ताठ, खांद्यातून. आणि रेल्वेच्या सिग्नलसारखा तिथंच अडकून राहिला.

खिडकीतून मान काढून भाची बराच वेळ बघत राहिली. मग डोळे पुसत माझ्याकडं वळून म्हणाली, ''मामा, बाबांच्या कोपराला निरोपच पोचला नाही रे.''